शेजारच्या आजींची त्र्याहत्तर

गेल्या ऑक्टोबरात शेजारच्या आजींचा फोन आला. "कोठार आवरतेय. सासऱ्यांची बंदूक सापडली. तुला लोखंडातलं कळतं ना? येऊन बघ जरा."

त्यांना मी समोर नावानेच हाक मारते, इथे अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये तशीच रीत आहे. पण मराठीत लिहिताना ऐंशी ओलांडलेल्या बाईला नुसत्या नावाने लिहायला हात धजत नाही, म्हणून आजी.

"लोखंडातलं कळतं" हे मात्र खरं. माझं माहेर कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. आप्पांचं ऑइल इंजिनचे सुटे भाग करायचं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक शेपर. मी तिथे शाळेच्या सुट्टीत मायक्रोमीटर धरायला शिकले आणि पुढे डिप्लोमा करून आयुष्यभर तेच केलं. विमानाच्या इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्याने केलेलं काम बरोबर आहे की नाही हे सांगायचं, एवढीच माझी नोकरी. बंदुकीशी संबंध म्हणाल तर आजोळची एक ठासणीची. रानडुकरं हाकलायला परवान्याची होती, निवडणूक आली की मामा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे. आम्हा पोरांना तिला हात लावायची बंदी होती, त्यामुळे ती मी नेहमी गोणपाटातच पाहिली.

आजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर ती ठेवलेली होती. लांबलचक, तपकिरी, दस्त्याला उभी चीर गेलेली. चापाखाली लोखंडी कडं असलेला लिव्हर. नळी गोल नव्हती, अष्टकोनी होती. आणि सगळ्या तपकिरीत फ्रेमच्या, म्हणजे यंत्रणा बसते त्या मधल्या लोखंडी सांगाड्याच्या, पोटाशी एक पितळी तुकडा सोन्यासारखा चमकत होता.

"हा तुकडा नवरा घासायचा दर ख्रिसमसला," आजी म्हणाल्या. "बाकी बंदूक कधी हलली नाही. लिव्हर अडकलाय. आमच्या ह्यांचे पणजोबा कस्टरबरोबर होते ना, त्यांची ही."

कस्टर म्हणजे जनरल कस्टर. २५ जून १८७६ला मोंटानातल्या लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायेन योद्ध्यांनी त्याच्या तुकडीचा पाडाव केला. आपल्याकडे जसं पानिपतावरून कुणाचा तरी पूर्वज परत आलेला असतो, तसा इथे घराघरात एखादा कस्टरवाला असतो. अडचण एकच, की पाच कंपन्या घेऊन कस्टर ज्या शेवटच्या चकमकीत उतरला, तिथून त्याचा एकही सैनिक जिवंत परतला नाही. पण चहा पिता पिता हे बोलायचं नसतं. मी म्हटलं, "बघू या."

बघण्याआधी दोन कामं केली. स्थानिक पोलिसांना फोन करून विचारलं, की मृत माणसाच्या कोठारात अशी जुनी बंदूक सापडली तर काय करायचं. केंद्राच्या १९६८च्या कायद्याप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक पुराणवस्तू धरली जाते, पण राज्याचे नियम वेगळे असतात आणि वर्ष सिद्ध होईपर्यंत ती साधी बंदूकच. त्यांनी नीट समजावून सांगितलं. दुसरं, परवानाधारक बंदूक-मिस्त्री गाठला. सत्तरीचा, तोंडात कायम पुदिन्याची गोळी, आणि बोलणं अगदी उद्यमनगरातल्या फिटरसारखं, म्हणजे अर्धं हुंकारात. त्याने पहिला प्रश्न विचारला, "रिकामी आहे का?"

मी म्हटलं, "पन्नास वर्षं कोठारात आहे."

तो म्हणाला, "ते नाही विचारलं."

मला मनातून लाज वाटली. माझ्याच खात्यात हा नियम मी पोरांना शिकवायचे, की गृहीत धरलेलं माप हे माप नसतं.

लिव्हर अडकलेला असल्यामुळे उघडून आत बघायची सोय नव्हती. मग त्याने जे केलं ते मला फार आवडलं, कारण ती निव्वळ माझी विद्या होती. बंदूक व्हाइसमध्ये, तोंड वाळूच्या पोत्यांकडे, कुणीही समोर नाही. बाजूला उभं राहून नळीत हलक्या हाताने लाकडी काठी सारली, ती टेकली तिथे तोंडाशी खूण केली, काठी बाहेर काढून मला दिली. मी मोजली. २४ इंच भरली. या रायफलची नळी बोल्टच्या, म्हणजे नळीची मागची बाजू बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, तोंडापासून २४ इंचच असते, म्हणजे चेंबर, काडतूस बसतं ती जागा, रिकामं. आत काडतूस असतं तर काठी दीड इंच आधीच अडली असती.

नळीखालच्या मॅगझिनचं, म्हणजे पुढची काडतुसं भरून ठेवायच्या नळकांड्याचं, वेगळं. त्याने पुढच्या टोकाचा छोटा स्क्रू काढला, बूच सैल केलं आणि गुंडाळीची स्प्रिंग सापासारखी सळसळत बाहेर आली. मग नळी हळूच खाली कलती केली. काही नाही. अजून थोडी. आतून खर्र असा आवाज आला आणि हिरवट बुरशी चढल्यासारखी दोन जिवंत काडतुसं त्याच्या तळहातावर घरंगळली.

आजींच्या नवऱ्याने चाळीस-एक ख्रिसमस ही मांडीवर घेऊन पितळ घासलं होतं.

मिस्त्रीने काडतुसं डब्यात टाकून कुलपात ठेवली. आजींना एक आठवण म्हणून हवं होतं, तो नाही म्हणाला. मग ओळख पटवायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं. "वरचं सगळं वाच आणि लिहून आण. गोष्टी विचारू नकोस कुणाला."

वाचायला भरपूर होतं. नळीवर दोन ओळी, गंजाखाली अर्ध्या झाकलेल्या. बोटाला तेल लावून पुसत पुसत अक्षरं लागली: विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स, न्यू हेवन, कनेक्टिकट. खाली किंग्ज इम्प्रूव्हमेंट आणि पेटंटच्या दोन तारखा, २९ मार्च १८६६ आणि १६ ऑक्टोबर १८६०. पुष्कळ लोक ही तारीख वाचून बंदूक १८६०ची समजतात. तारखा पेटंटच्या आहेत. १८६०ची तारीख बेंजामिन टायलर हेन्रीच्या मूळ रचनेची, १८६६ची नेल्सन किंगच्या सुधारणेची, म्हणजे फ्रेमच्या उजव्या बाजूला काडतूस सारायचं जे स्प्रिंगचं झाकण असतं त्याची. त्याआधी मॅगझिन पुढून, नळीच्या तोंडाकडून भरावं लागे. कंपनीचा मालक ऑलिव्हर विंचेस्टर तर मुळात शर्टांचा कारखानदार. शर्टातला पैसा बंदुकीत घातला, हे वाचून मला आमच्या गावचे गुळाचे व्यापारी आठवले, गुळातला पैसा फाउंड्रीत घालणारे.

वरच्या पट्टीवर, म्हणजे घोड्यामागे दस्त्यात शिरते त्या लोखंडी जिभेवर, मॉडेल १८७३. इथले लोक तिला नुसतं त्र्याहत्तर म्हणतात. पण १८७३ हे मॉडेलचं नाव, जन्मसाल नाही. ही बंदूक १८७३पासून पुढे जवळपास पन्नास वर्षं बनत राहिली, एकूण सात लाखांच्या वर. तिचे तीन प्रकार मानतात आणि ते ओळखायची जागा म्हणजे फ्रेमच्या माथ्यावरचं धूळझाकण. पहिल्या प्रकारात ते दोन्ही कडांच्या खाचांत सरकतं, दुसऱ्यात मधोमध वेगळी पट्टी करून स्क्रूने बसवलेली, तिसऱ्यात ती पट्टी फ्रेममधूनच कोरून काढलेली. भिंग लावून पाहिलं. स्क्रू नाहीत, सांधा नाही. तिसरा प्रकार.

खालच्या जिभेवर, चापाच्या मागे, क्रमांक. तीन लाख ऐंशी हजारांच्या घरातला, पुढे बी हे अक्षर. संग्राहकांच्या तक्त्यात तो आकडा १८९१ सालात पडतो.

एवढ्यावर कस्टर संपला. तरी मी पुढे गेले, कारण एका मापावर रिपोर्टवर सही करायची मला सवय नाही. आणि पुढे जाऊन मी चांगली फसले.

त्या चमकत्या पितळी तुकड्याच्या पोटावर ३८ कॅल असं कोरलेलं, म्हणजे कॅलिबर, इंचाच्या शतांशात सांगितलेला नळीचा व्यास. ख्रिसमसच्या घासण्याने अक्षरं पार बोथट झालेली, पण होती. मी मिस्त्रीकडून मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकून काढून घेतली आणि तिचा व्यास मोजला. ०.४०१ इंच. परत मोजला. तेवढाच. ३८ म्हणजे ०.३८ हवा ना? माझी खात्रीच झाली की कुणीतरी नळी पोखरून मोठी केली आहे. तशी ठामपणे मिस्त्रीला फोन करून सांगितलंही.

पलीकडून बराच वेळ पुदिन्याच्या गोळीचा आवाज. मग, "बाई, ३८-४०ची गोळी चाळीसचीच असते."

म्हणजे झालंय असं, की या काडतुसाच्या नावात ३८ हा कॅलिबर आणि ४० हे काळ्या दारूचं वजन, ४० ग्रेन, साधारण २.६ ग्रॅम. पण गोळी प्रत्यक्षात ०.४० इंचाची. नाव ठेवणाऱ्याने असं का केलं ते तोच जाणे. आयुष्यभर ड्रॉइंगवरच्या आकड्यावर विश्वास ठेवलेल्या बाईला हे पचायला दोन दिवस लागले. त्यातून कस्टरच्या कथेला अजून एक खिळा बसला, तो असा: १८७३ची रायफल आधी ४४-४०मध्येच आली, ३८-४० हे काडतूस तिच्यात लिटल बिगहॉर्ननंतर काही वर्षांनी आलं. आणि सैन्याच्या घोडदळाकडे मुळात विंचेस्टर नव्हत्याच, त्यांच्याकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन, म्हणजे आखूड बंदुका, होत्या. त्या दिवशी हेन्री आणि विंचेस्टर होत्या त्या समोरच्या बाजूला.

मी आजींना तीन पुरावे कागदावर लिहून नेऊन दिले. त्यांनी चष्मा लावून वाचले. "म्हणजे माझे सासरे तीस वर्षं थापा मारत होते?"

"त्यांनाही कुणीतरी सांगितलं असेल."

"त्यांच्या बापाने. तो मोठा थापाड्या होता म्हणतात." मग थोडं थांबून, "उघडशील का ती? निदान लिव्हर हलू दे."

जुन्या विंचेस्टरचे स्क्रू ही एक वेगळीच जमात आहे. डोक्यावरची खाच अतिशय बारीक आणि उभ्या भिंतींची. आपला बाजारातला स्क्रूड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो, तो अशा खाचेत वरच्या कडेवर टेकतो, जोर लावला की निसटतो आणि खाचेचे ओठ फाडून जातो. आटेही बाजारातले नाहीत, कंपनीचे स्वतःचे. स्क्रू बिघडला तर दुकानात तसा मिळत नाही. म्हणून पहिले दोन दिवस मी बंदुकीला हातच लावला नाही, ग्राइंडरवर स्क्रूड्रायव्हर घडवत बसले. पातं दोन्ही बाजूंनी समांतर, खाचेत अंगठी बोटात बसावी तसं, न डुगडुगता. हे डोकावून म्हणाले, "अगं, एका स्क्रूसाठी चार स्क्रूड्रायव्हर?" त्यांचं सगळं करिअर सॉफ्टवेअरमध्ये गेलं, तिथे खाच फाटत नाही.

मग भिजवणं. अर्धा ॲसिटोन, अर्धं गिअरबॉक्सचं तेल. आप्पा रॉकेल आणि डिझेल वापरायचे, तत्त्व तेच. रोज सकाळी चहाबरोबर प्रत्येक स्क्रूच्या मुळाशी ड्रॉपरने एक थेंब. नवव्या दिवशी बाजूच्या पत्र्यांचा स्क्रू हलला. तो हलतो तेव्हा आवाज येत नाही, मनगटाला कळतं. आधी दगड, मग किंचित लोणी.

१८७३ची गंमत अशी, की हा एक स्क्रू काढला की फ्रेमच्या दोन्ही बाजूंचे पत्रे निघतात आणि सगळी यंत्रणा खिडकीतून दिसावी तशी समोर येते. पत्रे कधी उचकटायचे नसतात, लाकडी मोगरीने फ्रेमवर टिचक्या मारल्या की आपोआप वर येतात. डाव्या पत्र्याच्या कडेला मला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याच्या दोन खोक पडलेल्या दिसल्या. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी घाईचा माणूस इथे येऊन गेला होता.

आत दोन्ही बाजूंना सांध्यांची जोडी, टॉगल. तिचं काम समजायला तुमचा गुडघा पुरे. पाय सरळ ताठ करून भिंतीला टेकवा आणि कुणालातरी तळव्यावर ढकलायला सांगा, तो ढकलून दमेल. पण गुडघा बोटभर जरी वाकलेला असला तरी पाय मुडपतो. लिव्हर मिटलेला असताना हे सांधे एका रेषेत ताठ असतात, स्फोटाचा धक्का सरळ मागे फ्रेमवर जातो. लिव्हर पुढे ढकलला की गुडघा मोडतो, बोल्ट मागे सरतो, घोडा चढतो, आणि अगदी शेवटी तो पितळी तुकडा, कॅरिअर, मॅगझिनमधून आलेलं काडतूस घेऊन लिफ्टसारखा वर येतो. लिव्हर परत ओढला की बोल्ट ते काडतूस चेंबरमध्ये सारतो. आमच्या कारखान्यात फिक्स्चरवर जे टॉगल क्लॅम्प असतात ते याचेच नातेवाईक. या रचनेचं दुबळेपणही तिथेच आहे. सांध्यांच्या पिना झिजल्या की ताठ पाय ताठ राहत नाही, आणि फ्रेमचा हा प्रकार मुळात काळ्या दारूच्या दाबासाठी केलेला, आजच्या जोरदार काडतुसांसाठी नाही.

आत तेलाचं राळ झालं होतं. फोडणीच्या कढईच्या बाहेरच्या बाजूला बसतं ना, तसलं. ते विरघळवून पुसत गेल्यावर लिव्हर का अडकला ते दिसलं. तळाशी दोन चपट्या स्प्रिंगा शेजारी शेजारी असतात, एक लिव्हरची, एक कॅरिअर उचलणाऱ्या दांड्याची. दुसरीचा मोडका तुकडा घसरून त्या दांड्याखाली पाचर मारून बसला होता. चिमट्याने काढला. लिव्हर लगेच उघडला, पण कॅरिअर आधाराविना लुळा पडला.

तो मोडका तुकडा मी रात्री भिंगाखाली धरला, आणि अर्धा तास तिथेच बसले. पट्टीवर कानशीचे ओरखडे आडवे होते. चपटी स्प्रिंग घासताना कानस लांबीच्या दिशेने चालवायची, हे आप्पांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं. आडवा ओरखडा म्हणजे ताण पडतो त्याच रेषेवर काढलेली चीर, आज ना उद्या स्प्रिंग तिथेच मोडणार. ही स्प्रिंग कारखान्यातली असणं शक्य नव्हतं. पत्रे उचकटणाऱ्या त्याच गृहस्थांची असावी, असा माझा संशय आहे.

नवी करायची ठरवली. इटलीत उबेर्ती कंपनी आजही त्र्याहत्तर बनवते, तिचे सुटे भाग मिळतात, पण ते जुन्या बंदुकीत जसेच्या तसे बसतीलच असं नाही आणि बसवायला मूळ फ्रेम घासणं माझ्याच्याने झालं नसतं. स्प्रिंग स्टीलची १०७५ची पट्टी आणली, कापली, लांबीच्या दिशेनेच घासली, तोंडाला बाक दिला. लाल करून चुंबक चिकटायचा थांबला की तेलात बुडवली. पाणी पाजून झालं, आता उतरवणं, म्हणजे परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं, राहिलं. आणि तिथे घाई केली. नुसता पिवळट रंग आल्यावर काढली, तपासायला वाकवली, तर टक् करून दोन तुकडे.

भावाला कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. तो तुकडे बघून म्हणाला, "अगं वेडे, आप्पा कढई नव्हते वापरत का?"

विसरलेच होते. आप्पांनी एका फुटाणेवाल्याकडून त्याची जुनी लोखंडी कढई घेतली होती. तीत वाळू तापवायची आणि स्प्रिंगा त्या वाळूत फुटाण्यासारख्या परतायच्या. वाळूत उष्णता सगळीकडून सारखी लागते, आणि चकचकीत घासलेल्या पोलादावर रंग डोळ्यांसमोर चढत जातात: पिवळा, तपकिरी, जांभळा, मग मोरपिशी निळा. निळा आला की बाहेर. वर्कशॉपमध्ये त्या वाळूला भाजक्या हरभऱ्याचा वास कायम राहिला होता.

मी मागच्या अंगणात बार्बेक्यूच्या शेगडीवर कढई चढवली. थंडी मी म्हणत होती. हे शाल घेऊन खुर्चीवर, हातात पोह्यांची बशी. जांभळ्यावर आल्यावर श्वास धरला, तीनशे अंशांच्या आसपास निळाई सळसळत आली, उचलली. थंड झाल्यावर वाकवली. वाकली, आणि परत आली.

बाकीचं थोडक्यात. दस्ता अक्रोडाचा, चिरेत पातळ सरस सोडून रबरी नळीने आवळून ठेवला. वर सँडपेपर अजिबात नाही, फक्त जवसाच्या तेलाचा हात. लोखंडावरचा सैल गंज तेलात भिजवलेल्या अगदी बारीक लोखंडी लोकरीने निघाला तेवढाच काढला, तपकिरी कांती तशीच ठेवली. नव्याने काळी-निळी करून आणली असती तर संग्राहकांच्या लेखी तिची निम्मी किंमत गेली असती, आणि माझ्या लेखी सगळी. कॅरिअरपाशी मात्र माझा हात फार शिवशिवला. घरात पितांबरीची पुडी, समोर पितळ, आणि मी कोल्हापूरची. दोनदा पुडी हातात घेतली. पण ३८ची अक्षरं आधीच अर्धी गेली होती. पुडी फळीवर ठेवून दिली.

सांध्यांच्या पिना मोजल्या. झीज होती. मिस्त्रीने गेज लावून बघितलं, नळीत प्रकाश टाकून खड्डे दाखवले आणि म्हणाला, काळी दारू भरून चालेलही, पण मी असतो तर नसती चालवली. आजींच्या नातवाला एकदा तरी बार काढायचा होता. आजींनी त्याला एका वाक्यात गप्प केलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दरम्यान वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयाला पत्र टाकलं होतं. विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या आता तिथल्या बफेलो बिल सेंटरमध्ये आहेत, क्रमांक कळवून फी भरली की वहीतली नोंद उतरवून पाठवतात. फेब्रुवारीत उत्तर आलं. रायफल, ३८, अष्टकोनी नळी, साधा चाप. गोदामात आली १८९१च्या उन्हाळ्यात, बाहेर पडली त्याच वर्षी. कुठे, कुणाला, ते नाही, त्या वह्यांत फक्त ऑर्डरचा क्रमांक असतो. आणि शेवटी एक ओळ: १९०४ साली दुरुस्तीसाठी परत आली, दुरुस्त होऊन गेली.

काय बिघडलं होतं ते लिहिलेलं नाही. पण कुठे दुरुस्त झाली ते मला ठाऊक आहे. न्यू हेवनच्या विंचेस्टर ॲव्हेन्यूवर, माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. कारखाना २००६ला बंद झाला, जुन्या विटांच्या एका भागात आता भाड्याच्या सदनिका आहेत. पत्र आलं त्या दिवशी मी उगाच तिकडून चक्कर मारून आले. रस्त्याला बर्फ होतं, उतरले नाही.

म्हणजे आत तीन जणांचे हात: १९०४चा कारखान्यातला माणूस, आडवी कानस चालवणारा, आणि मी. पहिल्या दोघांनी एक ओळही लिहून ठेवली नाही. या रायफलच्या दस्त्याच्या टोकाला, चंद्रकोरीच्या आकाराच्या लोखंडी पट्टीत, एक छोटं दार असतं, आत साफसफाईच्या गजाचे तुकडे ठेवायची पोकळी. आमच्या पोकळीत गज नव्हता, मेलेला कोळी होता. मी एक कागद तयार केला: स्प्रिंग बदलली, पोलाद कुठलं, जाडी किती, वाळूत निळ्यावर उतरवली, महिना, साल. कॅरिअर घासू नये, असं खाली अधोरेखित करून. आजींकडे घेऊन गेले.

त्यांनी लिव्हर उघडला, मिटला, परत उघडला. कॅरिअर वर येऊन थांबला की खट्ट असा छोटा आवाज होतो, तो त्यांनी पाच-सहा वेळा ऐकला. मग माझा कागद वाचला आणि उलटा करून मागची कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली.

"इथे कस्टरचं लिही."

"आजी, ते खोटं आहे."

"खोटं आहे असंच लिही. पण सासऱ्यांनी सांगितलं होतं तसं सगळं लिही, मी सांगते. ह्यांचा पणजोबा म्हणे झाडावर चढून बसला होता."

मी पेन काढलं.